हंड्यातली बाई

तांब्याच्या भांड्याचा फोटो काढणं
म्हणजे आपलाच फोटो काढणं,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
वडनेरेशेठ एवढंच म्हणाले,
"तुला कॉम्प्युटर येतो ना? मग चढव दुकान इंटरनेटवर."
चढव.
जसा काही माळा आहे तिथे.

मी सिडकोतून यायचे, रविवार कारंज्याला उतरून
चालत भांडी बाजारात.
पर्समध्ये टॅलीचं सर्टिफिकेट, लॅमिनेट केलेलं,
कोणी मागितलंच तर.
दुकानात मागे, जिथे मोडीची भांडी टाकत,
तिथे टेबल आलं, टेबलावर जुना मॉनिटर,
आणि मॉनिटरवर लगेच हळदीकुंकू.

पहिला हंडा ठेवला पांढऱ्या चादरीवर.
चिंच आणि राखेनं घासलेला, गरम गरम वाटावा असा.
फोटोत आधी मोबाइल दिसला, मग माझी बोटं,
मग मी: पोटाशी फुगलेली, डोक्याकडे निमुळती,
मागे अख्खा बाजार वाकून उभा.
खाली वाकले, तर तीही वाकली.
चादरीआड लपले, तर चादरीला दोन डोळे.
आणि पुंजाकाकांनी ठोकलेला हंडा असला
तर विचारूच नका,
एकेका ठोक्यात एकेक मी,
तीळाएवढी,
शेकड्यांनी.

फॉर्म विचारायचा: वजन?
काका म्हणायचे, कुठल्याचं? प्रत्येकाचं वेगळं असतं.
फॉर्म विचारायचा: रंग?
यादीत तपकिरी होता, सोनेरी होता.
तांब्याचा नव्हता.
मी सोनेरी टाकलं आणि दिवसभर
खोटी साक्ष दिल्यासारखं वाटलं.

ऑर्डरी आल्या. पुणे, इंदूर, एक चक्क शिलाँगची.
शेठ रात्री घरून फोन करायचे, "आज किती?"
आकडा ऐकला की थोडा वेळ काही बोलायचे नाहीत,
मग म्हणायचे, "गिऱ्हाईकाचं तोंड नाही दिसत गं."

मग गुरुग्रामहून एक हंडा परत आला.
खोक्याला चिकटपट्टीचे तीन थर, आणि कारण:
डिफेक्टिव्ह. हॅमर मार्क्स.
तांबट आळीतून काका आले होते नवा माल घेऊन,
कानात ठोक्यांनी कायमची बसलेली दडी,
त्यामुळे सगळं दोनदा विचारायचे.
काय लिहिलंय?
काय लिहिलंय?
मी मोठ्यानं म्हणाले, ठोके दिसतात म्हणे.
त्यांनी हंडा मांडीवर घेतला, कुशीवर वळवला,
अंगठा फिरवला एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर,
आंधळ्यानं ओळखीचा चेहरा चाचपावा तसा.
"दिसणारच," ते म्हणाले.
"मग पैसे कशाचे दिले होते त्यानं?"

शेठनी पैसे परत केले. रेटिंग पडलं असतं.
मी माहितीत एक ओळ वाढवली:
हाताचे ठोके आहेत, दोष नाही.
ती मराठीतच राहिली,
इंग्रजीत नेमकी जमेना.
पुढे कोणीतरी ती काढायला लावली.

ते जाऊ दे.
सांगायचं होतं ते वेगळंच.
मागच्या महिन्यात शिलाँगच्या त्या गिऱ्हाइकानं
हंड्याचा फोटो टाकला. पाच तारे, आणि एकही शब्द नाही.
मी मोठा केला. अजून मोठा केला.
त्यात खिडकी होती, बाहेर धुकं असावं,
फळीवर किटली,
आणि एक बाई, मोबाइल छातीशी धरलेली,
पोटाशी फुगलेली, डोक्याकडे निमुळती,
एकेका ठोक्यात एकेक.

मी हाक मारली, शेठ, इकडे या,
गिऱ्हाईक दिसतंय.
लाइट गेले. यूपीएस टीं टीं करत राहिला.
शेठ चष्मा शोधत होते.